हातगुण

आमच्या ह्यांच्या कानातल्या यंत्राला एक चाक आहे. यंत्राची डबी शर्टाच्या आतल्या खिशात राहते, वायर कानापर्यंत जाते, आणि अंगठ्याने चाक फिरवलं की जगाचा आवाज वाढतो किंवा बंद होतो. हा आतला खिसा मी शिवते. शिवणकाम हा माझा धंदाच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे: मी बोलायला लागले आणि ह्यांचा हात छातीकडे गेला, तर ह्यांना कळवळा आलेला नसतो. चाक बंद होत असतं.

गंमत अशी, की ती डबी एवढीशी झाली ती ह्यांच्यामुळेच. पूर्वी असल्या यंत्रात काचेचे व्हॉल्व्ह असत आणि ते बाळगायचं म्हणजे कमरेला वीट बांधून फिरायचं. तरुणपणी ह्यांनी आणि ह्यांच्या दोन सोबत्यांनी स्फटिकाच्या नखाएवढ्या तुकड्याकडून तेच काम करून घेतलं. बारीक आवाज आत गेला की मोठा होऊन बाहेर. त्यानंतर रेडिओ खिशात आले, आणि खोलीभर पसरलेली गणकयंत्रं टेबलावर बसली. दुसरा कुणी तेवढ्यावर जन्मभर मिरवला असता. हे दुसरीकडेच वळले. काही धातू भयंकर थंड केले की त्यांच्यातून वीज जराही न अडता वाहते. याला अतिवाहकता म्हणतात, आणि ती का होते ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. ह्यांनी सांगितलं. त्या थंडीत इलेक्ट्रॉन एकेकटे जात नाहीत, जोडीनं जातात, म्हणून त्यांना कुणी अडवू शकत नाही.

"म्हणजे नवरा-बायकोसारखे?" मी विचारलं होतं.

"नाही गं," हे म्हणाले, "ते एका दिशेनं जातात."

तर असा हा मोठा माणूस. वर्तमानपत्रं त्यांना 'दोनदा जग बदललेले' म्हणतात. मी त्यांच्या शेजारी फोटोत उभी राहते, आणि परवापर्यंत मान वर करून उभी राहत होते.

ह्यांच्या प्रयोगशाळेत एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. त्यात बाद झालेल्या काचा ठेवत. काच म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. तिच्यावर धातूचा पातळ थर द्यायचा, त्या थरावर गंजाचा पापुद्रा चढू द्यायचा, आणि त्यावर धातूचा दुसरा थर आडवा टाकायचा. मधला पापुद्रा विजेला अडवतो. तरी काच त्या भयंकर थंडीत बुडवली की थोडी वीज पलीकडे झिरपते, आणि किती झिरपते ते मोजायचं, हे त्यांचं काम. आता ढकलायला काही नसतानाही वीज पलीकडे गेली, तर पापुद्र्याला कुठेतरी भोक आहे आणि दोन धातू एकमेकांना चिकटलेत, असं समजायचं. त्याला हे लोक 'शॉर्ट' म्हणतात. शॉर्ट निघाली की हे खिळ्याने काचेच्या कोपऱ्यावर ओरखडा मारत, म्हणत "बाद!" आणि काच डब्यात जाई. डबा फेकत नसत. नवे विद्यार्थी आले की तो उघडून दाखवायचा: बघा, काम कसं करू नये.

डब्यातल्या बहुतेक काचा एकाच विद्यार्थ्याच्या होत्या. त्याला सगळे वेंधळराव म्हणत. त्याच्या काचा पुन्हा पुन्हा शॉर्ट निघत. सुरुवातीला हे समजावून सांगत, मग ओरडत. शेवटी एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला गुणच नाही. हे काम तुझं नाही, दुसरं काही बघ." तो निरोप घ्यायला घरी आला तेव्हा मी शिवत बसले होते, आणि सुईत दोरा काही जात नव्हता. त्यानं माझ्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात ओवली, परत दिली आणि मान खाली घालून गेला. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं, "अहो, या पोराचा हात काय वाईट आहे हो?" त्यावर हे म्हणाले, "सुई वेगळी आणि पापुद्रा वेगळा." घरच्या बाईचं प्रयोगशाळेत कोण ऐकतं? तिथंच विषय संपला.

मग गेल्या वर्षी लांबच्या विद्यापीठातल्या एका पोरगेल्या संशोधकानं कागदावर गणित मांडून सांगितलं, की दोन्ही थर अतिवाहक असतील आणि पापुद्रा पुरेसा पातळ असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पापुद्र्यातूनही सरळ पलीकडे जातील. ढकलावंही लागणार नाही, भोकही लागणार नाही.

ह्यांना ते अजिबात पटलं नाही. जोड्या ह्यांनी शोधलेल्या, तेव्हा जोड्या कुठं जातात आणि कुठं जात नाहीत हे ह्यांना नाही तर कुणाला कळणार? हे शक्यच नाही, असं ह्यांनी मोठ्या नियतकालिकात छापून टाकलं. त्या पोराचं तोंडच बंद झालं. एवढ्या मोठ्या माणसानं नाही म्हटल्यावर त्याच्या बाजूनं बोलणार कोण?

पण ह्यांची एक गोष्ट मी मान्य करीन. दुसऱ्याला खोटं पाडलं की ह्यांना झोप लागत नाही. आपण खरे आहोत हे पुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नाही. ह्यांनी तो डबा काढला. त्यातल्या बऱ्याचशा काचा खराब होऊन गेल्या होत्या, पण काही अजून जिवंत होत्या. त्या थंडीत बुडवल्या, वीज सोडली आणि जवळ लहानसं चुंबक नेलं. खरोखरच भोक असेल, तर वीज असल्या चुंबकाला भीक घालत नाही. पण ह्या काचांत चुंबक जवळ आलं की वीज कमी होई, लांब गेलं की परत येई. भोक नव्हतंच. जोड्या पापुद्र्यातून जात होत्या. आणि त्या काचा इतकी वर्षं बिस्किटांच्या डब्यात नुसत्या पडून होत्या.

त्या संध्याकाळी हे घरी आले आणि स्वयंपाकघरात उभे राहिले. मी ताटं पुसत होते. ह्यांनी माझ्या हातातून दोन ताटं घेतली, मध्ये वर्तमानपत्राचं पान घातलं आणि मला सगळं समजावलं. मला अर्धं कळलं, पण ह्यांचा चेहरा पूर्ण कळला.

"कुणाच्या काचा आहेत त्या?" मी विचारलं.

हे ताटांकडे बघत राहिले. "त्याच्या," म्हणाले. "बाकीच्यांचे पापुद्रे जाड होते, ओबडधोबड होते. म्हणून त्यांच्या काचांत हे दिसलं नाही. त्याचे इतके पातळ होते, इतके सारखे होते... माझ्याकडे तसा हात पुन्हा कुणाचाच आला नाही गं."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर तरी कुठं होता? एकटा संन्यासीच होता.

"मग आता सांगा त्याला," मी म्हटलं.

"सांगणार आहे. शास्त्रज्ञांची मोठी सभा आहे, तिथं सगळंच सांगणार आहे."

मला बरं वाटलं. मी ह्यांच्या काळ्या कोटाला नवा खिसा शिवला, चांगला अस्तराचा.

सभेला दिवाणखान्यासारखा सजवलेला मोठा हॉल होता आणि भाषण रेडिओवरून सगळीकडे जाणार होतं. तो पोरगेला संशोधक पुढच्याच रांगेत बसला होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा. हे उभे राहिले. म्हणाले, "मी चुकलो. हा तरुण बरोबर आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या काही जुन्या नमुन्यांत मी ते स्वतः पाहिलं." आणि खाली उतरून त्यांनी त्या पोराचा हात हातात घेतला.

काय सांगू! सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसायला लागल्या. "केवढं मोठं मन!" त्या मला म्हणाल्या. "भाग्यवान आहात हो तुम्ही."

आणि मी तिथं बसून शरमेनं मेल्याहून मेल्यासारखी झाले. काही जुने नमुने! त्या काचा काय झाडाला लागल्या होत्या? त्या कुणी केल्या, कुणाला त्यांच्यापायी बाहेर काढलं, यावर अवाक्षर नाही. ज्याच्यापुढे चूक कबूल केल्यानं मोठेपणा मिळतो त्याच्यापुढे केली, आणि ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागेल त्याला वगळलं. सगळे उभे होते म्हणून मीही उभी राहिले. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत, पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली.

घरी आल्यावर मी काही बाकी ठेवलं नाही. "जग जिंकून आलात," मी म्हटलं, "आणि एका माणसाचं नाव घ्यायला जीभ उचलली नाही तुमची. लाज वाटत नाही?"

ह्यांचा हात छातीकडे गेला. मी बोलतच राहिले. भिंतीशी बोलावं तसं.

पुढचे दिवस त्याहून वाईट गेले. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. शाळांतून शिक्षक मुलांना सांगू लागले, की बघा, थोर माणसं आपली चूक कशी मान्य करतात. शेजारी यायचे, फुलं द्यायचे, ह्यांचा हात धरून हलवायचे. प्रत्येक फुलागणिक हे आणखी आक्रसत होते. आधी मला वाटलं, झाकली मूठ झाकलेलीच ठेवणार. पण हे जेवताना थांबायला लागले. स्वतःच्या हातांकडे बघत बसायला लागले. कुणी स्तुती करायला आलं की मी दार उघडायची आणि हे मागच्या खोलीत जायचे. लोकांना वाटायचं, काय ही नम्रता!

एका सकाळी हे डबी खिशात सरकवत म्हणाले, "त्याचा पत्ता तुला माहीत असेल."

"पत्ता नाही," मी म्हटलं. "आवाज माहीत आहे."

कारण मी बहिणीकडे बसने जाते, आणि हे आयुष्यात कधी बसस्थानकावर गेलेले नाहीत. तिथं कर्ण्यातून गाड्यांची घोषणा करतो तो वेंधळराव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी ओळखलं होतं. दर वेळी त्याच्या खिडकीशी जाऊन चौकशी करते, आणि तो दर वेळी एकच विचारतो: "सरांची तब्येत कशी आहे, काकू?"

त्या दिवशी आम्ही स्थानकावर पोचलो तेव्हा तो कर्ण्यातून बोलत होता, स्वच्छ, सावकाश, शब्द न् शब्द वेगळा. हे थांबले आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. "चांगला बोलतो," म्हणाले.

"तोंडाचं काम आहे ना," मी म्हटलं. "हाताचं नाही."

खिडकीत आम्हाला बघून तो उभाच राहिला. त्याची पाळी संपतच आली होती. आम्हाला घरी न नेता तो सोडेना. दोन गल्ल्यांपलीकडे त्याचं घर, दुसऱ्या मजल्यावर. वाटेत त्यानं ह्यांना गर्दीतून सांभाळून नेलं, पण हात न लावता, कोपरानं, खांद्यानं. त्याच्या बायकोनं आमचं स्वागत केलं. मुलगी कामावर गेली होती. त्याची बायको बोलायला मोकळी, हसरी होती. चहाचा ट्रे तीच घेऊन आली. कप सगळे प्लास्टिकचे होते.

"काचेचं काही ठेवत नाही आम्ही," ती हसत म्हणाली. "ह्यांच्या हाताला गुण नाही ना! नाही हो, अजून काही फोडलेलं नाही. पण हात लावतच नाहीत, तर फुटणार कसं?"

तोही हसला. त्यांच्या घरातला तो जुना विनोद होता. ह्यांनी कप उचलला होता तो खाली ठेवला.

"सर, सभा मी रेडिओवर ऐकली," वेंधळराव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आख्ख्या बिल्डिंगला ऐकवली. हिला म्हटलं, माणूस असावा तर असा. एवढ्या उंचीवर जाऊन 'मी चुकलो' म्हणायला छाती लागते."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ह्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

ह्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि एक काच टेबलावर ठेवली. कोपऱ्यावर ओरखडा होता.

"ही तुझी आहे," हे म्हणाले. "शॉर्ट नव्हती. डब्यातल्या तुझ्या ज्या तपासल्या, त्यातली कुठलीच शॉर्ट नव्हती. मी सभेत जे जुने नमुने म्हणालो ते हे. तुझा पापुद्रा इतका चांगला होता, की मला तो कळला नाही. तुझ्या हातात काही खोट नव्हती रे. खोट माझ्या डोक्यात होती."

वेंधळराव काचेकडे बघत राहिला. मग हळूहळू हसायला लागला, पण ते हसू खरं नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्याला सांभाळून घेण्यासाठी हसतात तसं ते होतं.

"सर, तुम्ही एवढ्या लांब आलात, मला बरं वाटावं म्हणून बोलताय. तुम्ही तेव्हा म्हणालात तेच बरोबर होतं. मला माहीत आहे ना माझा हात. राग मला कधीच नव्हता. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून मी दुसरं काही शोधू शकलो."

"अरे, मी मोजून बघितलंय! ही घे. बघ."

ह्यांनी काच त्याच्यापुढे धरली. तसे त्याचे दोन्ही हात मागे गेले, विस्तवापासून जावेत तसे. "नको सर. माझ्याकडे नको. फुटेल."

ह्यांचा हात तसाच पुढे राहिला. मी इतकी वर्षं ह्यांना ओळखते, पण तो चेहरा कधी पाहिला नव्हता. ह्यांच्या एका वाक्यावर त्या माणसाचा इतका विश्वास होता, की तेच वाक्य खोटं होतं हे सांगायला आता ह्यांचा स्वतःचा शब्दही पुरत नव्हता.

मग त्याची बायको बोलली. तिचं हसू कुठंतरी गेलं होतं.

"सर, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सभेच्या आधी," हे म्हणाले.

"आधी?"

"हो. आधीच कळलं होतं."

"म्हणजे तुम्ही तिथं उभे होता, सगळं जग ऐकत होतं, आणि हे इथं रेडिओला कान लावून बसले होते." ती उठून उभी राहिली. वेंधळराव तिला खुणावत होता, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "आमची मुलगी झाली ना, तेव्हा यांनी तिला घेतलं नाही. खाली बसून, मांडीवर उशी ठेवून, मी ठेवली तर ठेवली. उभ्यानं कधी नाही. तिनं पहिलं पाऊल टाकलं, ती बापाकडे हात करून आली, तर हे मागे सरकले, पडली ती. मी यांना बोल लावले हो! मला वाटायचं, याला माया नाही. सर, तुम्हाला कल्पना आहे का, या घरात..."

आणि ह्यांचा हात छातीकडे गेला.

मी बघितलं. अंगठा खिशात शिरला, चाकाशी गेला. माझ्याच हातानं शिवलेला खिसा तो! एवढं होऊन, इथवर येऊन, शेवटी त्या बाईच्या तोंडावर हे यंत्र बंद करणार? मी हात धरायला पुढे झाले.

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. कर्कश, लांबलचक शिट्टी खोलीभर घुमली. असं ते एरवी कधीच ओरडत नाही. आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवला तरच ओरडतं, आणि ह्यांनी आजपर्यंत तो तितका कधीच चढवला नव्हता.

त्याची बायको बोलता बोलता थांबली. "हे काय वाजतंय?"

हे तिच्याकडेच बघत होते. कानठळ्या बसत असणार, पण अंगठा चाकावरून काढला नाही. "तुम्ही बोला," एवढंच म्हणाले.

माईकची असली शिट्टी वेंधळराव रोज ऐकतो. त्याला विचार करायला वेळच लागला नाही. तो उठला, ह्यांच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, ह्यांचा अंगठा हळूच बाजूला केला आणि चाक केसाएवढं मागे आणलं. शिट्टी थांबली. त्यानं तिथंच बोट ठेवून क्षणभर अंदाज घेतला, मग आणखी एक केसभर वर नेलं. डबी जागच्या जागी नीट बसवली.

"आता स्पष्ट ऐकू येईल, सर," तो म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्या बोटांकडे बघत होतो. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तो बायकोकडे वळला.

"हं, बोल. काय सांगत होतीस?"